जळक्या सोंडेवरचा बँडिकूट आणि आपली घूस

ऑस्ट्रेलियातील जुन्या रानवस्त्यांवरच्या गोष्टींचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे, की 'जळक्या डोंगरसोंडेवरच्या बँडिकूटसारखा एकाकी' या तिकडच्या वाक्प्रचारात बँडिकूटऐवजी 'घूस' लिहिले तर चालेल का, आणि नाहीतर सबंध वाक्प्रचाराच्या जागी 'एकटा जीव सदाशिव' कसे वाटेल. दुसऱ्या सूचनेचा निकाल आधी लावतो. 'एकटा जीव सदाशिव' म्हणजे मागेपुढे पाश नसलेला, आपल्या मर्जीने वागणारा माणूस. त्याच्या एकटेपणात मोकळीक आहे. ऑस्ट्रेलियन वाक्प्रचारातले जनावर मात्र वणव्याने गवत, झुडपे आणि पालापाचोळा खाऊन टाकल्यावर उघड्या, काळ्या धारेवर उरले आहे. त्याला लपायला आडोसा नाही आणि खायला किडासुद्धा नाही. 'बँडिकूटसारखा दरिद्री' आणि 'बँडिकूटसारखा केविलवाणा' हे तिथलेच आणखी दोन वाक्प्रचार. सदाशिवाला या पंगतीत बसवू नये.

आता घुशीकडे. ऑस्ट्रेलियातला बँडिकूट म्हणजे घूस नव्हे, हे मी किती वर्षे सांगत आलो आहे, पण उपशीर्षकांत आणि भाषांतरांत ही घूस पुन्हा पुन्हा शिरते. आपली घूस उंदराच्या कुळातली, कृंतक. तिकडचा बँडिकूट कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला शिशुधान प्राणी आहे. त्याची पिशवी मागच्या बाजूला उघडते, त्यामुळे पुढच्या पायांनी माती उकरताना ती पिल्लांवर पडत नाही. मादीचा गर्भकाळ जेमतेम साडेबारा दिवसांचा असतो. लांबुडके नाक मातीत खुपसून तो किडे, अळ्या आणि कंद शोधतो आणि मागे नरसाळ्याच्या आकाराचे छोटे खड्डे ठेवून जातो. हे खड्डे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

याच्या उलट चूक करणारेही भेटतात. ऑस्ट्रेलियातला शब्द कानाला विचित्र लागला की तो तिथल्या मूळ रहिवाशांचाच, असे ते ठोकून देतात. 'बिलाबाँग', म्हणजे नदीचा तुटून साचून राहिलेला फाटा, हा विरादजुरी या तिथल्या मूळ भाषेतला आहे, हे खरे. पण म्हणून चहा उकळण्याचा 'बिली' नावाचा डबा त्याचा भाऊ ठरत नाही, तो बहुधा स्कॉटलंडच्या बोलीतून आलेला आहे. कांगारू म्हणजे 'मला माहीत नाही' ही फिरत राहणारी गोष्ट तर एकदाची पुरून टाकावी. १७७० साली जेम्स कुक या इंग्रज दर्यावर्दीच्या जहाजावरील मंडळींनी एंडेव्हर नदीकाठी तो शब्द नीटच ऐकला होता. गुगू यिमिदिर भाषेत 'गंगुरू' ही कांगारूचीच एक जात आहे.

बँडिकूट हा शब्द मात्र ऑस्ट्रेलियातला नाहीच. तो तेलुगूतला आहे: 'पंदिकोक्कु', म्हणजे डुकरासारखा उंदीर. 'पंदि' म्हणजे डुक्कर. किनाऱ्यावरच्या इंग्रजांनी हा शब्द उचलला, हिंदुस्थानभर पसरवला आणि मुंबई-पुण्याकडच्या घुशीलाही तेच नाव लावले. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६ सालच्या आपल्या कोशात ही व्युत्पत्ती स्वच्छ दिलेली आहे. तेव्हा प्रश्नकर्त्यांची चूक ही अडाणीपणाची चूक नव्हे: त्यांनी प्राणी चुकीचा धरला, पण नावाचा माग बरोबर काढला. नाव घुशीचेच आहे. ते समुद्र ओलांडून भलत्याच जनावराला चिकटले.

एडवर्ड मॉरिस यांच्याशी माझे भांडण इथे सुरू होते. ऑस्ट्रेलियन इंग्रजीचा त्यांचा १८९८ सालचा कोश मी आदराने वापरतो, पण त्यात तेलुगू शब्दाचा अर्थ 'डुक्कर-कुत्रा' असा दिलेला आहे. तेलुगूत कुत्र्याला 'कुक्क' म्हणतात. 'कोक्कु' आणि 'कुक्क' यांची गल्लत कोणी केली ते सांगायला हैदराबादेतला शाळकरी मुलगाही पुरे. त्याहून अधिक खटकते ते पुढचे वाक्य, की हा अँग्लो-इंडियन शब्द ऑस्ट्रेलियात कसा आला याची नोंद उरलेली नाही. हे लिहिणारे मॉरिस स्वतःच जॉर्ज बास या नौदलातल्या शल्यचिकित्सक-शोधप्रवाशाच्या जानेवारी १७९९ च्या रोजनिशीतला, डेव्हिड कॉलिन्स यांनी १८०२ साली छापलेला, बँडिकूटांच्या हाडांचा उल्लेख असलेला उतारा देतात आणि मग हात झटकून मोकळे होतात.

मला तर वाट दिसते. 'सिडनी कोव्ह' नावाचे जहाज नोव्हेंबर १७९६ मध्ये कलकत्त्याहून सिडनीकडे निघाले आणि फेब्रुवारी १७९७ मध्ये टास्मानियाच्या उत्तरेकडील एका बेटाजवळ फुटले. मदत आणण्यासाठी १७ जण होडीतून निघाले. ती होडीही फुटली, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो मैल चालत मे महिन्यात सिडनीपर्यंत पोहोचले ते अवघे तिघे. निघालेल्यांत बहुसंख्य हिंदी खलाशी होते आणि पोहोचलेल्या तिघांतही एक हिंदी माणूस होता. या वाटेवर त्यांना कोळशाचा थर दिसला होता, आणि तो पाहून येण्यासाठी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गव्हर्नरने ज्याला पाठवले तो गृहस्थ म्हणजे हाच जॉर्ज बास! पुढच्या वर्षी, १७९८ मध्ये, रॉबर्ट कँपबेल हा व्यापारी कलकत्त्याहून माल घेऊन सिडनीत उतरला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच बासच्या रोजनिशीत 'बँडिकूट' हा शब्द कसलाही खुलासा न करता, जणू सगळ्यांच्या ओळखीचा असावा तसा येतो. कलकत्त्याच्या जहाजांवर घुशी होत्या, खलाशी होते आणि शब्द होता. नवे लांबनाक्या जनावर पाहिल्यावर ओठांवर जुनेच नाव आले असणार. एखाद्या इंग्रज नाविकाने हा शब्द मद्रासेहूनही आणला असेल, असा आक्षेप कोणी घेईल, घेवो. मला कलकत्ता पटते.

याहून आवडते ते या नावाचे क्रियापद. ऑस्ट्रेलियाच्या रानभाषेत 'बँडिकूट करणे' म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले बटाटे वरचा पाला तसाच उभा ठेवून हाताने चोरणे. अंधारात वरंब्याच्या कुशीत बोटे घालायची, चाचपून मोठा बटाटा खुडायचा, मुळे शक्य तो हलवायची नाहीत आणि माती पुन्हा थापून ठेवायची. मालकाला काढणीच्या दिवशी पाला उपटल्यावर कळते की खाली काही नाही. हाच शब्द आज तिथले बागाईतदार आपल्याच वाफ्यातून चारदोन कोवळे बटाटे काढण्यासाठीही वापरतात. कोशकार सांगतात की शिशुधान बँडिकूटच्या उकरण्याच्या सवयीवरून हे क्रियापद आले. त्यांनी ते खड्डे पाहिले नाहीत काय? तो प्राणी वरून नाक खुपसतो आणि जागोजागी उघडा पुरावा ठेवतो. अशा चोराला कोणीही पहिल्याच रात्री पकडेल. जमिनीखालून बीळ काढत पिकापर्यंत येणे, वर सारे हिरवे ठेवून आत पोकळ करून टाकणे, हे काम घुशीचे. आपल्याकडे बांध खचला की शेतकरी आधी घुशीचे बीळ शोधतो, आणि 'पोखरणे' हे क्रियापद मराठीने बहुतेक याच जनावराला वाहून टाकले आहे. नावाबरोबर त्या नावाच्या मूळ धनिणीची कुकर्मेही समुद्रापार गेली, असे माझे ठाम मत आहे. हे क्रियापद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नोंदले गेले, बासनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, ही अडचण मला दाखवून झाली आहे. पण हिंदुस्थानात नोकरी करून तिकडे स्थायिक झालेले लोक त्या शंभर वर्षांत कमी नव्हते, आणि घूस पाहिलेला माणूस तिला विसरत नाही.

तर प्रश्नकर्त्यांनी वाक्प्रचारात बँडिकूटच ठेवावा आणि 'वणव्यात जळालेल्या सोंडेवरच्या बँडिकूटसारखा एकाकी' असे सरळ लिहावे. वाचकाला वणवा ठाऊक आहे, जनावर त्याच्या मागोमाग कळेल. गोष्टीत पुढे कुठे ते बटाटेचोरीचे क्रियापद आले, तर मात्र 'घुशीसारखे पोखरून नेले' असे खुशाल लिहावे. तिथे घुशीला माझी हरकत नाही.