‘काही दिसलं नाही’ हेही लिही

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अख्खा हंगाम देवमासे शोधायला देवगडहून बोटीवर जात राहिलीस आणि गादे, म्हणजे आपले डॉल्फिन, सोडले तर काहीच दिसलं नाही. एकीकडे परदेशातला प्रवेश, दुसरीकडे घरचे बँकेच्या परीक्षांचं म्हणतायत, आणि आपण या कामाच्या लायकीचेच नाही असं तुला वाटायला लागलंय. समुद्रावर प्रेम कर वगैरे मी सांगत बसत नाही, ते तुझ्याकडे आहेच. मला एकच विचारायचंय. ज्या दिवशी काही दिसलं नाही, त्या दिवशी वहीत काय लिहिलंस?

तू पाठवलेली पानं पाहिली. गादे दिसले त्या दिवसांच्या नोंदी सुरेख आहेत. कळप केवढा, पिल्लं किती, वेळ काय. मधले दिवस मात्र गायब! अगं, त्या दिवशीही तू पहाटे उठून, डिझेलच्या वासात मळमळत बोटीवर होतीसच ना? मग ते दिवस गेले कुठे?

दहा तास पाहून दिसलेला एक कळप आणि शंभर तास पाहून दिसलेला एक कळप सारखे नसतात. तास लिहिले नाहीत तर कळपाला काही अर्थ उरत नाही. बोट कधी सुटली, कधी परतली, कुठून कुठे गेली, ऊन डोळ्यांवर होतं का, पाण्यावर पांढऱ्या लाटा फुटत होत्या का, सगळं हवं. फिनलेस पॉरपॉइज, म्हणजे गाद्यांचाच छोटा भाऊबंद, त्याच्या पाठीवर पर नसतो. थोडं पाणी खवळलं की ते हाताच्या अंतरावरून गेलं तरी कळत नाही. म्हणून सपाट पाण्यातलं ‘दिसलं नाही’ वेगळं आणि खवळलेल्या पाण्यातलं वेगळं. दोन्ही लिही.

नोंदीची ताकद काय असते ते ऐक. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी आपल्या अरबी समुद्रात 242 हम्पबॅक देवमासे अवैधरीत्या मारले. जगाला खोटे आकडे कळवले गेले, पण शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या. 1993 मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी हा खोटेपणा उघड केला, आणि 1997 मध्ये शास्त्रज्ञ युरी मिखालेव्ह यांनी इथले तपशील छापले. जठरात काय सापडलं, माद्यांच्या पोटातले गर्भ केवढे होते. त्यातून पुढे आलं की हे देवमासे अंटार्क्टिकाला जात नाहीत. इथेच खातात, इथेच वितात. आज ओमानच्या किनाऱ्यालगत ते शंभराच्याही आत उरलेत. त्यांतली लुबान नावाची मादी, उपग्रहाचा टॅग लावलेली, 2017 च्या अखेरीस समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि खाली कन्याकुमारीकडे गेली. तेव्हा आपल्या बाजूला कितीजण वही उघडून बसले होते?

2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं. गावकरी, मच्छीमार, वनखातं, सगळे झटले, तरी ते गेलं. आता लोक विचारतात, आला कसा हा किनाऱ्याला? खोल पाण्यात एरवी किती फिरतात हेच माहीत नसेल तर उत्तर काय देणार! म्हणून म्हणते, रिकामे दिवस लिही.

हा माझा हट्ट सगळ्यांना पटला असं नाही. एका कार्यालयात माझे तक्ते परत आले होते, ‘शून्यांचं काय करायचं?’ म्हणून. मी शून्यं काढली नाहीत. पुढचं अनुदान गेलं, बरोबरीचे पुढे निघून गेले, आणि मी अजूनही म्हणते की बरोबर केलं. लोकांना वाटतं मी बाहेर गेले नाही म्हणून मागे राहिले. राहिले असेन. पण या किनाऱ्याचे सलग हंगाम कुणीतरी लिहायलाच हवे होते, आणि ते मी लिहिले. खंत आहे ती वेगळीच. ट्रॉलर यायच्या आधी देवमाशाचा फवारा कुठे दिसायचा हे ज्या तांडेलांना, बोट चालवणाऱ्या जुन्या जाणत्यांना, ठाऊक होतं, त्यातले बरेच कुणी विचारायच्या आतच गेले. तुझ्या तांडेलाचे वडील अजून आहेत म्हणतेस. जा, बस त्यांच्यापाशी. कधी काही दिसायचंच नाही, तेही विचार.

परदेशी जायचं तर जरूर जा, पण देवमासे पाहायला नको, संख्याशास्त्र शिकायला जा. स्कॉटलंडच्या सेंट अँड्रूज विद्यापीठात याच मोजणीच्या पद्धती घडल्या आहेत. तिथे तुझ्या याच वह्या कामी येतील, मात्र त्यात शून्यं असली तर. आईबाबांशी मी बोलते हवं तर. बोटीवरच्या मुलींबद्दल लोक काय बोलतात ते मला नवं नाही.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून बोटी पाण्यात गेल्या की पहिल्या आठवड्याची पानं पाठव. सगळी. आणि गेल्या हंगामाचे गाळलेले दिवस बोटवाल्याकडच्या डिझेलच्या हिशेबावरून जुळवता येतात का ते आजच बघ; तारखा तरी मिळतील.

तुझी,
ताई