ऑफिस पाचला सुटतं, पाळणाघर चारला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत डिझाइनचं काम, आता जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या कंपनीची ऑफर, बायको आणि दोन वर्षांची मुलगी सोबत येणार. तिथं नोकरी आणि घर यांचा मेळ बसतो का?

बसतो, पण आपोआप नाही. कोल्हापुरात दहा-अकरा तास कंपनीत गेले तरी घर चालतं, कारण आई, सासूबाई, धुण्याभांड्याच्या मावशी, शेजारच्या काकू सगळ्या आहेत. जर्मनीत कामाचे तास कमी होतात, पण ही माणसंही वजा होतात. वाचलेला वेळ स्वयंपाक, फरशी, कपडे आणि सरकारी पत्रव्यवहारात जातो. हिशेब इथूनच धरा.

आधी कायदा. दिवसाला 8 तास. 10 पर्यंत ताणता येतात, पण सहा महिन्यांची सरासरी 8 वर यायला हवी. दोन कामांच्या मध्ये सलग 11 तास विश्रांती लागते. आता गंमत बघा. तुम्हाला भारतातले सप्लायर माहीत, हिंदी-मराठी येते, म्हणजे त्यांचे कॉल हमखास तुमच्याच गळ्यात पडणार. आपल्याकडच्या सकाळी साडेनऊच्या मीटिंगला तिथं उन्हाळ्यात 6 वाजलेले असतात आणि हिवाळ्यात 5, कारण घड्याळ वर्षातून दोनदा बदलतं. पाचचा कॉल घ्यायचा तर आदल्या दिवशी सहाच्या आत काम बंद व्हायला हवं आणि कॉलच्या दिवशी दुपारी दीड-दोनच्या सुमाराला घरी जायला हवं. लोक पहाटेचा कॉल घेतात आणि संध्याकाळपर्यंतही थांबतात, वर ते तास कुठं नोंदवतही नाहीत. पहिल्याच आठवड्यात साहेबांना सांगा: मीटिंग दुपारी दीडच्या पुढं ठेवा, म्हणजे तिथले सकाळचे नऊ-दहा. जर्मन साहेबाला स्पष्ट बोललेलं खटकत नाही, गप्प बसलेलं मात्र पुढं महागात पडतं. करारात ‘जादा काम पगारातच धरलं आहे’ अशी ओळ असेल तर महिन्याला किती तास, हा आकडा लिहून मागा.

खरी अडचण मुलीच्या पाळणाघराची. त्याला तिथं किटा म्हणतात. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क 2013 पासून आहे, पण हक्क असला तरी जागा लगेच मिळेलच असं नाही. पत्ता नोंदवला की त्याच दिवशी अर्ज टाका, आणि एकाच किटावर थांबू नका. वेळ नीट विचारा, कारण बऱ्याच किटा चार-साडेचारला बंद होतात आणि काही तर दोनलाच. घर शोधतानाही किटा चालत दहा मिनिटांवर असणं हे इंडियन दुकान जवळ असण्यापेक्षा मोलाचं. मसाला महिन्यातून एकदा आणला तरी चालतो.

जागा मिळाली तरी पहिल्या दिवशी मुलगी सोडून ऑफिसला जाता येत नाही. आधी सवयीचा काळ असतो: पहिले काही दिवस आई किंवा बाबा तासभर तिथंच बसतात, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं वाढवत नेतात. याला दोन ते चार आठवडे लागतात, मूल रडकं असेल तर जास्त. इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. दोघांचीही नोकरी एकाच वेळी सुरू होते आणि तिथं बसायला कुणीच उरत नाही. वहिनींची नोकरीची तारीख किटा सुरू झाल्यावर किमान सहा आठवड्यांनी ठेवा.

ताप आला की किटाचा फोन येतो आणि मूल लगेच न्यावं लागतं. त्यासाठी 2025 मध्ये प्रत्येक पालकाला एका मुलामागे वर्षाला 15 दिवस भरपाईसह सुट्टी होती, पण ती सरकारी आरोग्य विम्यात असणाऱ्यांनाच. खासगी विमा आधी स्वस्त दिसतो, तिथं ही भरपाई मिळत नाही, आणि न कमावणारी बायको व मूल सरकारी विम्यात फुकट बसतात, ती सोयही जाते. लहान मूल असेल तर सरकारीच घ्या.

वहिनींबद्दल. ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदाराला मिळणारा राहण्या-कामाचा परवाना. तो असणाऱ्याच्या जोडीदाराला जर्मनच्या परीक्षेशिवाय व्हिसा मिळतो आणि लगेच काम करायची परवानगीही. पण परवानगी म्हणजे नोकरी नव्हे. भाषा नसेल तर वर्ष-दीड वर्ष घरात कोंडल्यासारखं होतं आणि त्याची झळ तुमच्या संध्याकाळला लागते. निघण्याआधीच जर्मनची पहिली पायरी संपवा. परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते.

रजा कायद्याने किमान 20 दिवस, बहुतेक करारांत 28 ते 30. पहिल्या सहा महिन्यांत ती महिन्याला बाराव्या हिश्श्याने जमते, म्हणून लगेचच्या गणपतीला चार आठवडे येण्याचं कबूल करू नका. कोल्हापुरात आल्यावर आजारी पडलात तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत, मात्र कंपनीला त्याच दिवशी कळवायचं, आणि डॉक्टरांच्या दाखल्यात नुसतं ‘आजारी’ नको, ‘कामास असमर्थ, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असं हवं. इथून लॅपटॉपवर काम करायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. कर आणि सामाजिक विम्याचा गुंता होतो.

रविवारी दुकानं बंद, भिंतीला ड्रिल मारायलाही मनाई. सुरुवातीला वैताग येतो, नंतर हाच दिवस घरचा होतो. किराणा शनिवारी संध्याकाळच्या आत.

आईवडिलांना फोन संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर नको, तेव्हा इथं रात्रीचे साडेआठ-साडेनऊ होतात. सकाळी ट्रेनमधून करा. आणि मदतीला बोलावणार असाल तर आई आणि सासूबाईंना एकदम आणू नका. पर्यटक व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. एक आधी, दुसरी नंतर आली तर सहा महिने निघतात.