नवरात्रात घट का बसवतात? अखंड दिवा मध्येच विझला तर अशुभ असतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. काही अशुभ नसतं. ज्या घरात दिवा शांत झाला त्याच घरातली सून म्हणून सांगतेय.

2009 ची गोष्ट, लग्नानंतरचं माझं दुसरं नवरात्र. सासर बार्शीकडचं, कुलदैवत तुळजाभवानी, त्यामुळे घट, माळ, दिवा सगळं कडक. मुलगा सात महिन्यांचा आणि नेमका पाचव्या माळेला त्याला ताप भरला. सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपवास, उठता-बसता नाही, म्हणून मीच म्हटलं तुम्ही पडा, दिव्याकडे मी बघते. बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले. दोन वाजता तेल घातलं, काजळी काढली, एवढं आठवतंय, मग डोळा कधी लागला कळलंच नाही. जाग आली ती जळक्या वातीच्या वासाने. म्हणजे दिवा जाऊन दोन मिनिटंही झाली नसतील. खोलीत मिट्ट काळोख, ओल्या मातीचा आणि झेंडूचा वास, आणि पोराचं अंग घामाने भिजलेलं, ताप उतरला होता. त्याला खाली निजवलं, हातपाय धुतले, दिवा लावला.

सकाळी लपवलं नाही, सांगून टाकलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लावलास ना परत? मग झालं तर." पण चुलत सासूबाई तिथेच माळ ओवत बसल्या होत्या. मार्गशीर्षात सासरे हार्ट अटॅकने गेले आणि तेराव्याला भरल्या घरात त्या बोलल्या, "नवरात्रात दिवा गेला तेव्हाच मी ओळखलं होतं." सासऱ्यांनी बीपीच्या गोळ्या दोन महिने मनानेच बंद केल्या होत्या, तंबाखू सुटत नव्हती, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत होतं. तरी पुढे कित्येक वर्षं घटस्थापनेला माझ्या समोर बोललं जायचं, हिला दिव्यापाशी बसवू नका.

आता मला सांगा, तुळजापूरला काय होतं? घटस्थापनेच्या आधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवीची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की परत पलंगावर, ती थेट कोजागरी पौर्णिमेपर्यंत. युद्ध करून दमली म्हणून श्रमनिद्रा. जी देवी स्वतः दमते, जिला झोप लागते हे आपण इतकं मानतो, ती तान्हं पोर मांडीवर घेऊन पेंगलेल्या बाईवर कोपेल? मला हे पटत नाही आणि कधी पटणारही नाही. हे मी चुलत सासूबाईंना तोंडावर बोलले, पण सात वर्षांनी, आणि तेव्हा त्या म्हणाल्या "आजकालच्या मुलींना भक्ती कळत नाही".

तर भक्ती. घट म्हणजे शेत आहे हो. परडीत काळी माती, त्यात ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस जे काय तुमच्याकडे पेरत असतील ते, मधे पाण्याचा कलश. आमच्याकडे ज्वारीच्या पेरणीचे दिवस तेच, कुठलं बी कसं उगवतंय ते घटातच कळतं. लोक गर्भाचंही सांगतात, नऊ माळा म्हणजे नऊ महिने, तोही अर्थ मला आवडतो. पण मला स्वतःला त्यातलं मोठं वाटतं ते रोजचं करणं. पाणी बेतानेच शिंपडायचं, नाहीतर बी कुजतं, आणि उगवलं का बघायला माती उकरायची नाही. दिव्याचंही तेच, तेल, वात, काजळी. घाबरून बसलेल्या माणसाला यातलं काही दिसतच नाही, त्याचा जीव फक्त ज्योतीत अडकलेला असतो. आणि कोंब पिवळे आले की अमुक, हिरवे आले की तमुक, त्यातही काही नाही, अंधाऱ्या देवघरात ते पिवळेच येणार.

आता व्यवहाराचं. काजळी काढायच्या आधी शेजारी एक निरांजन त्याच ज्योतीवर लावून ठेवा, म्हणजे मोठा दिवा गेला तरी ज्योत राहते. वारा येत असेल तर काच लावा. पडदा, कापूर, वाती लांब, आणि फ्लॅटमध्ये दिवा पेटता ठेवून घर बंद करून ऑफिसला जाणार असाल तर अखंड दिवा लावूच नका, सकाळ-संध्याकाळ लावा. अर्थात प्रत्येक घराचा कुलाचार वेगळा, कुणाकडे घटच नसतात, तेव्हा घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा. माझं आहे ते आमच्या घरापुरतं.

तो तापलेला मुलगा आता कॉलेजात आहे. गेल्या वर्षीपासून रात्री दिव्यापाशी तो बसतो. तीनच्या सुमाराला मी उठून बघते, झोपलेला असतो, मग त्याच्या अंगावर चादर टाकते आणि तेल घालते.