लहान मेंदूच्या जोडण्या आणि मुलांचे वाचन यांचा खरोखर संबंध असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी तिसरीत आहे, आठव्या महिन्यात जन्मली होती आणि वाचताना अडखळते. तिच्या लहान मेंदूच्या, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असणाऱ्या आणि तोल व हालचाली सांभाळणाऱ्या भागाच्या, जोडण्या कमकुवत आहेत आणि तोल सांभाळण्याच्या व्यायामांनी त्या मजबूत होतील, असे एका केंद्राने सांगितले आहे. त्यावर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. अशाच एका केंद्राचे अकरा महिन्यांचे शुल्क भरलेला बाप म्हणून हे लिहीत आहे.

2009 साली मी निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत हिशेब लिहीत होतो आणि माझा मुलगा तिथल्याच मराठी शाळेत तिसरीत होता. तो 'पर्वत' हा शब्द 'पवत' असा वाचत असे, 'सूर्य'चा 'सूय' करीत असे आणि पुढची ओळ अंदाजाने ठोकून देत असे. बेळगावला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंचा निकाल तयारच होता. "तुला किती वेळा सांगितलं, पोराला कानडी शाळेत घाल. घरात मराठी, बाजारात कानडी, वर इंग्रजी. तीन लिप्यांचा काला झालाय त्याच्या डोक्यात." सीमाभागातल्या घरांत शाळेचा विषय शाळेपुरता कधीच राहत नाही, 1956 पासूनचे सगळे त्यात येते. वडील मराठी शाळेत शिकले, मीही शिकलो, म्हणून मीही हट्टाला पेटलो. अखेर तडजोड म्हणून दादांनीच बेळगावातले ते केंद्र सुचवले.

दर रविवारी पहाटेच्या बसने आम्ही जात होतो. डगमगत्या फळीवर उभे राहायचे, एका पायावर उभे राहून चेंडू झेलायचा, डोळे मिटून सरळ रेषेत चालायचे, असा तो कार्यक्रम होता. अकरा महिन्यांनंतर मुलगा वखारीतल्या पोत्यांच्या थप्पीवर एका पायावर, डोळे मिटून, हमालांनी शंभर आकडे मोजेपर्यंत उभा राहू लागला. खाली उतरल्यावर मात्र त्याच पोत्यावरचे 'निव्वळ वजन' तो 'निवळ वजन' असेच वाचत होता.

केंद्रवाले ज्या कल्पनेवर धंदा करतात ती मुळात थट्टेची नाही. इंग्लंडमधील रॉड निकोलसन आणि अँजेला फॉसेट यांनी असे मांडले की वाचनदोष (डिस्लेक्सिया) असलेल्या मुलांत एखादे कौशल्य अंगवळणी पडण्याची क्रियाच मंद असते आणि तिचे मूळ लहान मेंदूत असावे. लहान मेंदू आकाराने मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा असला, तरी मेंदूतील सुमारे 80 टक्के चेतापेशी त्यातच असतात, आणि त्याचा उजवा भाग मोठ्या मेंदूच्या डाव्या, म्हणजे बहुतेकांत भाषा सांभाळणाऱ्या, बाजूशी जोडलेला असतो. म्हणून संबंध शोधणे रास्तच होते. परंतु पुढील अभ्यासांत असे दिसले की वाचनदोष असलेल्या मुलांपैकी काहींनाच तोलाची वा हालचालींची अडचण असते.

जोडण्यांविषयीचा जो अभ्यास अशा केंद्रांच्या दाव्यांच्या मुळाशी असावा, तो 2015 सालचा आहे. लहान मेंदूला मेंदूच्या इतर भागांशी जोडणारे तंतूंचे जुडगे तीन आहेत: मधल्यातून मोठ्या मेंदूकडचे संदेश आत येतात, वरच्यातून प्रामुख्याने बाहेर जातात, तर खालच्यातून मुख्यतः मज्जारज्जू आणि मस्तिष्कस्तंभ यांच्याकडचे संदेश येतात. 9 ते 17 वर्षे वयाच्या 45 मुलांच्या एमआरआयमध्ये या तंतूंतून पाणी किती एका दिशेने सरकते ते मोजले गेले. मधल्या जुडग्यात हे माप जास्त असलेल्या मुलांचे वाचन चांगले होते. वरच्या आणि खालच्या जुडग्यांत मात्र नेमके उलटे दिसले, म्हणजे माप जास्त तिथे वाचन कमी. मग 'मजबूत' करायचे ते नक्की काय, हा प्रश्न आपण त्या केंद्रात अवश्य विचारावा. शिवाय दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे ठरत नाही. वाचत राहिल्यानेही मेंदू बदलतो.

आमचा उलगडा निपाणीच्या बसस्थानकावर झाला. कन्नड पाटीवरचे 'हुक्केरी' मुलाने 'हुकेरी' असे वाचले. कन्नडमध्ये दुसरा 'क' ओत्तक्षर म्हणून खाली लोंबतो, देवनागरीतल्या 'निव्वळ'मध्ये पहिला 'व' अर्धा होतो. लिहिण्याच्या तऱ्हा वेगळ्या, पण मुलगा दोन्हीकडे एकाच जागी घसरत होता. लिप्यांचा काला झाला असता तर चुकाही वेगवेगळ्या झाल्या असत्या. जोडलेले आवाज त्याला सुटे करता येत नव्हते, आणि तसे ते कोणत्याही माध्यमात आले नसते. हे मी दादांना त्याच रात्री फोनवरून सांगितले; त्यांनी हवापाण्याचा विषय काढला.

पुढे शेजारच्या एका निवृत्त बाईंनी दीड वर्ष रोज वीस मिनिटे त्याच्याकडून आवाज फोडून घेतले: टाळ्या वाजवून शब्द तोडायचा, जोडाक्षर सुटे करून म्हणायचे, पुन्हा जोडायचे, मग लिहायचे, मग मोठ्याने वाचायचे. मुलगा वाचू लागला. आजही सावकाश वाचतो, हे लपवत नाही.

एका मुलाच्या अनुभवावरून सगळ्यांचे ठरत नाही, हे मान्य आहे. तोलाचे व्यायाम अपायकारक नाहीत. हालचालींची वेगळी अडचण असल्यास ते करावेतही, फक्त वाचनाच्या नावाखाली त्यांचे पैसे देऊ नयेत. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. आठव्या महिन्यातील जन्माचा आपण धसका घेतलेला दिसतो. वरच्या अभ्यासातील 45 पैकी 26 मुले अपुऱ्या दिवसांचीच होती आणि त्यांच्या व पुऱ्या दिवसांच्या मुलांच्या या जुडग्यांच्या मापांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन वा गणित शिकण्यातली अशी अडचण, 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात समाविष्ट आहे, तेव्हा गरज पडल्यास रीतसर तपासणी करून प्रमाणपत्र घेण्यात कमीपणा मानू नये.

आणि माध्यम बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर घाई करू नये. दादांचा नातू बेळगावात इंग्रजी माध्यमात शिकतो आणि दुसरीत अडखळू लागला आहे. गेल्या पाडव्याला त्यांनी बाईंची ती सरावाची वही मागवून घेतली. तिच्यात मराठी आणि कन्नड शब्द आहेत, इंग्रजीची पाने आपली आपण जोडावीत, अशी चिठ्ठी घालून मी ती पाठवून दिली.