फेस कमी म्हणजे शॅम्पेन गेली का?

तुम्ही विचारलंय की २००२ची डॉम पेरिन्यों ही नावाजलेली शॅम्पेन उघडली तर रंग गडद सोनेरी, बुडबुडे विरळ आणि वास अळंबीचा; बाटली खराब निघाली का? वर्णनावरून तरी ती ऐन भरात आहे. ओतून देऊ नका!

नव्या शॅम्पेनच्या बाटलीत साधारण ६ बार दाब असतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बूच कितीही घट्ट असो, वर्षानुवर्षं वायू त्यातून निसटतोच. फेस जिभेला टोचायचा थांबतो आणि खाली दडलेली वाइन कळू लागते. मला तर हेच आवडतं.

वासाचं मूळ यीस्टमध्ये. दुसरं आंबवणं बाटलीतच होतं आणि मेलेलं यीस्ट तिथेच गाळ होऊन राहतं. विंटेज, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांच्या शॅम्पेनला बाजारात येण्याआधी नियमाने किमान ३ वर्षं थांबावं लागतं. तुमची २००२ बाजारात आली २०१० मध्ये. गाळामुळे भाजलेल्या पावाचा खरपूसपणा येतो, शिवाय गाळ हवेपासून वाइनला जपतो. तो काढून बूच मारलं की वय चढायला लागतं: मध, सुकं जर्दाळू, अक्रोड, कॉफी, अळंबी. म्हणूनच त्याच सालची, पण गाळावर आणखी बरीच वर्षं ठेवलेली 'प्लेनित्यूद २' जास्त तरुण लागते.

भर ओळखायची माझी खूण सोपी आहे. इतके सगळे म्हातारे वास असूनही घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं का? सुटत असेल तर आंबटपणा जिवंत आहे. २००२ मध्ये पिकलेलं फळ आणि आंबटपणा दोन्ही जुळून आले. १९९६ची ख्याती मोठी, पण तिच्या काही बाटल्यांत आंबटपणाची धार उरली आणि फळ आधीच थकलं, असं माझं मत.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा, उकडलेल्या कोबीचा आला तर बाटलीला उजेड लागलेला. नुसत्या काळपट पडलेल्या सफरचंदाचा वास आणि बाकी काहीच नाही, तर मात्र गेली.

उरलेली पिताना उंच निमुळता फ्लूट नको, व्हाइट वाइनचा ग्लास घ्या. १०-१२ अंशांना ओता आणि थोडा वेळ तशीच राहू द्या. फ्रिजच्या गारठ्यात वास मुके होतात. सोबत जुनं कोंते चीज किंवा लोण्यावर परतलेली अळंबी. केक अजिबात नको, गोडापुढे ही बिचारी नुसती आंबट लागते.