वेल्समधल्या कुळाचा माग जमीनदाराच्या दप्तरात कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांचे पणजोबा जॉन जोन्स १८८०च्या सुमारास वेल्सच्या मॉन्टगोमरीशायरमध्ये कूळ म्हणून शेती करत होते. जमीन कोणाची होती ते माहीत नाही. जमीनदार घराण्याच्या कागदांत त्यांच्याबद्दल काही सापडेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

सापडेल. पण माणसाचं नाव बाजूला ठेवा आणि शेताचं नाव शोधा. मी नऊ वर्षं वेल्समधल्या अबेरिस्टविथला राहतोय, बायको इथलीच. तिच्या आजोळच्या माणसांचा माग काढताना मी पहिले सहा-सात महिने 'जोन्स' आणि 'डेव्हिस' शोधण्यात घालवले. हाती काही लागलं नाही, कारण एकाच खंडवहीत, म्हणजे कुळांकडून येणाऱ्या खंडाच्या वहीत, सात जॉन जोन्स असतात.

याचं कारण वेल्श नावांच्या पद्धतीत आहे. पूर्वी इथे आडनाव नव्हतंच, बापाचं नाव लावायचे. 'अप' म्हणजे मुलगा. दाफिद अप येवान अप लुएलिन, म्हणजे लुएलिनचा नातू, येवानचा मुलगा दाफिद. पुढे इंग्रजी कारभारात आडनावं ठरली तेव्हा बापाचंच नाव आडनाव झालं. अप रीसचं प्राइस, अप हॉवेलचं पॉवेल, अब ओवेनचं बोवेन. नावं मोजकीच, त्यामुळे अख्ख्या तालुक्यात चार-पाच आडनावं. म्हणूनच गावात माणूस शेताच्या नावाने ओळखला जायचा, आजही जातो. तुमचे जॉन जोन्स कागदावर कुठल्या शेताचे, हे एकदा कळलं की निम्मं काम झालं. ते जनगणनेत मिळतं. १८४१ पासून दर दहा वर्षांची नोंद आहे, आणि खेड्यात घर क्रमांकाऐवजी शेताचंच नाव लिहिलेलं असतं.

नाव मिळालं की त्याची शेपटी नीट बघा. उखाव म्हणजे वरचं, इसाव म्हणजे खालचं, माउर म्हणजे मोठं, बाख म्हणजे धाकटं. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतं तसंच. शेपटी चुकली तर तुम्ही शेजाऱ्याच्या पणजोबांचा इतिहास लिहून बसाल. इंग्रजी कारकुनांनी वेल्श नावं कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत, तेव्हा एकाच शेताची चार स्पेलिंगं धरून चला.

आता मालक कोण होता ते शोधायचं. त्यासाठी टाइथ नकाशे. चर्चला पिकाचा दहावा हिस्सा द्यावा लागे, तो १८३६च्या कायद्याने रोख रकमेत बदलला आणि त्यासाठी गावोगाव मोजणी झाली. नकाशासोबत तक्ता असतो: मालक, वहिवाटदार, तुकड्याचा नंबर, तुकड्याचं नाव, कुरण की नांगरट, आणि क्षेत्र एकर, रूड, पर्चमध्ये (४० पर्चचा एक रूड, चार रूडचा एक एकर). वेल्सचे हे नकाशे राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून फुकट खुले केले आहेत, पुण्यात बसून पाहता येतात. शेताचं नाव टाका आणि मालकाचा रकाना वाचा. तिथे तुम्हाला इस्टेटीचं नाव मिळेल. तुमचे पणजोबा नंतरचे असले तरी मालक बहुतेकदा तोच असतो.

मॉन्टगोमरीशायरमध्ये दोन नावं वारंवार येतील: पोविस आणि विनस्टे. दोघांची दप्तरं अबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. विनस्टे म्हणजे विल्यम्स-विन घराणं, उत्तर वेल्समधले सगळ्यात मोठे जमीनदार. त्यांचा वाडा १८५८ मध्ये जळाला आणि त्यात जुनी हस्तलिखितं खाक झाली. इस्टेटीचं दप्तर मात्र भरपूर शिल्लक आहे.

पोविसचं नाव मराठी माणसाने जरा थांबून वाचावं. रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने, एडवर्डने, १७८४ मध्ये पोविस घराण्यातल्या हेन्रिएटा हर्बर्टशी लग्न केलं. हाच एडवर्ड पुढे मद्रासचा गव्हर्नर होता आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा तो त्या पदावर होता. टिपूचा तंबू आज वेल्शपूलजवळच्या पोविस किल्ल्यात आहे. रॉबर्ट क्लाइव्ह म्हणजे फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या आरमाराबरोबर विजयदुर्गावर चालून आलेला, तुळाजी आंग्र्यांचा किल्ला घेणारा क्लाइव्ह. त्याचे कागदही याच ग्रंथालयात आहेत. एका इमारतीत कुळांच्या खंडवह्या आणि हिंदुस्थानातून आलेला पत्रव्यवहार. मी सिंधुदुर्गातला आहे. सूचीत पोविस आणि क्लाइव्ह ही दोन नावं शेजारी पाहिली तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उघडलं नाही.

दप्तरात काय काय असतं? खरेदीखतं, गहाणखतं, लग्नाचे करार, नकाशे, दिवाणजीची पत्रं, हिशेब, पावत्या. तुमच्या कामाची पहिली वस्तू खंडवही. खंड वर्षातून दोनदा गोळा व्हायचा, सहसा २५ मार्च आणि २९ सप्टेंबरला. एका ओळीत कुळाचं नाव, शेत, खंड, मागची बाकी, भरलेली रक्कम. एकच वही बघून उठू नका, वीस वर्षांच्या वह्या ओळीने लावा. एका वर्षी जॉन जोन्सच्या जागी 'विधवा जोन्स' येतं आणि मृत्यूची नोंद न पाहताच तुम्हाला कळतं. १८८०-९०च्या दशकांत शेतमालाचे भाव पडले होते, तेव्हा बाकी वाढत जाते आणि शेजारी सूट दिल्याची नोंद दिसते. ती ओळ वाचताना त्या घरातली काळजी अंगावर येते.

त्याहून मागे, अठराव्या शतकात गेलात तर भाडेपट्टे मिळतील, आणि माझा सगळ्यात जास्त जीव त्यांच्यावर आहे. मेंढीच्या कातड्याचा ताव, हाताला तेलकट, घडीवर कडक झालेला. वरची कड सरळ नसते, लाटेसारखी कापलेली असते. एकाच कातड्यावर करार दोनदा लिहून मधून नागमोडी कापायचे, म्हणजे दोन्ही अर्धे जुळले तर दस्त खरा. यातले बरेच पट्टे वर्षांवर नसून 'तीन जिवांवर' असायचे: नाव दिलेल्या तिघांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत जमीन कुळाकडे. मी पाहिलेल्या एका पट्ट्यात कूळ, त्याची बायको आणि 'वय सुमारे तीन वर्षे' असा मुलगा होता. त्या पोराच्या आयुष्यावर घराने शेत बांधलं होतं. रोख खंडासोबत जाड कोंबड्या देण्याची, सुगीत जमीनदाराकडे काही दिवस राबण्याची, त्याच्याच गिरणीत दळण्याची अटही असायची. तुमच्या पणजोबांच्या काळापर्यंत ही पद्धत जवळपास संपली होती, बहुतेक कुळं वर्षाच्या बोलीवर होती. म्हणजे नोटीस आली की घर सोडा. १८६८च्या निवडणुकीत जमीनदाराच्या मनाविरुद्ध मत दिलं म्हणून कुळांना हुसकावल्याचे प्रकार घडले, आणि १८७२ मध्ये गुप्त मतदान आलं त्यामागे हेही एक कारण होतं.

जुने दस्त वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. १७३३ पर्यंत कोर्टाचे कागद बहुतांशी लॅटिनमध्ये आहेत. आणि १७५२ पूर्वी इथलं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून 'फेब्रुवारी १६९९' हे आपल्या हिशेबाने १७००. मी एका मुलीचं लग्न तिच्या बापाच्या मृत्यूनंतर लावून बसलो होतो ते यामुळेच.

दिवाणजीची पत्रं शेवटी बघा, पण सोडू नका. त्यात एकाच भांडणाच्या दोन बाजू मिळू शकतात. तुमच्याच भागातल्या लानब्रिनमायरचे पाद्री सॅम्युएल रॉबर्ट्स विनस्टेच्या दियोस्ग या शेतावरचं कूळ होते. कुळाने स्वतःच्या घामाने जमीन सुधारायची आणि त्याच सुधारणेवर खंड वाढायचा, हा त्यांचा जाहीर आक्षेप. १८५७ मध्ये ते अमेरिकेत टेनेसीला निघून गेले. असल्याच तक्रारींची चौकशी करायला १८९३ मध्ये वेल्समधल्या जमिनीवर सरकारी आयोग बसला. कुळांच्या आणि दिवाणजींच्या साक्षी छापील आहेत, त्यातही शेताच्या नावाने शोधा.

ग्रंथालयात यायचं झालं तर वाचक कार्ड काढा, सूचीतले क्रमांक आधी लिहून आणा. पेन आत चालत नाही, फक्त पेन्सिल. आणि वेल्श येणारं कोणी सोबत आणा. दस्त इंग्रजीत असले तरी कुळांनी दिवाणजीला लिहिलेल्या चिठ्ठ्यांमध्ये कधी कधी वेल्श असतं. बायकोच्या आजोळच्या शेताच्या कागदांत अशी एक चिठ्ठी मिळाली. गोठ्याचं छप्पर पडलंय, थंडीच्या आत लाकूड द्यावं. शेतावरची झाडं जमीनदाराची असत, कुळाला विचारल्याशिवाय ओक तोडता येत नसे. बायकोने ती हळू आवाजात वाचली आणि मध्येच थांबली, कारण गोठ्यासाठी त्यात जो शब्द होता तो तिने फक्त आजीच्या तोंडून ऐकला होता. पाठीमागे दिवाणजीच्या हातची इंग्रजी ओळ होती: दोन झाडं मंजूर.