स्पर्धेला आरव्हीने निघताय? आधी टायर बघा

शिकागोहून मिनेसोटातल्या ब्लेनला, जुलैतल्या यूएसए कप या मुलांच्या फुटबॉल स्पर्धेला, भाड्याच्या आरव्हीने, म्हणजे चाकांवरच्या घराने, पोराला नेताय ना? मग सामन्याच्या आदल्या रात्री पोहोचायचा बेत आधी मोडीत काढा. साडेसहाशे किलोमीटर आहेत आणि आरव्ही काही कारसारखी पळत नाही. विस्कॉन्सिनात एक मुक्काम ठेवाच.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवर ‘डीओटी’ (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा, टायर कधी बनला ते कळतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आमचा टायर दिसायला कोरा करकरीत होता, तरी आय-९४ महामार्गावर भर उन्हात फुटला. गाडीवाल्याने फोनवर सरळ हात वर केले. पोरगा मागच्या बाकावर शिनगार्ड बांधून केळं खात बसलेला. शेवटी मागून येणाऱ्या टीममधल्या एका पालकांनी त्याला उचललं, म्हणून पहिला सामना तरी मिळाला. त्या रस्त्याने कोण कोण येतंय, त्यांचे नंबर आधीच घेऊन ठेवा.

मुक्कामाच्या कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी ३० अँपची असेल तर १२० व्होल्टला जेमतेम ३,६०० वॅट मिळतात. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावलीत की ब्रेकर पडलाच. चहा गॅसवर करा, तसाही तोच बरा लागतो. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह मात्र सतत उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं, घट्ट मैला तळाशी बसतो, आणि मग तो काढायचा कुणी यावरून नवरा-बायकोत जुंपते.

पुढच्या सामन्याची वेळ गटातल्या निकालांवर ठरते, तेव्हा कॅम्पग्राउंडवरची जागा शेवटी एक रात्र जास्तच घ्या, रद्द करता येईल अशी.